अडलेला बोल्ट आणि एका पैचा फरक



हाती घेतलेले काम अर्ध्यावर अडले की माणसाने काय करावे, हा प्रश्न दत्तजयंतीच्या अंकात घ्यावा की नाही यावरून आमच्या मंडळात थोडी चर्चा झाली. "उत्सवाच्या अंकात मोटारसायकल कशाला?" असे एका सभासदांनी स्पष्टच विचारले. मी म्हटले, ज्या अवधूताने कबुतर, अजगर, कोळी, मासा आणि बाण घडवणारा कारागीर यांना गुरू केले, त्याच्या अंकात शंभर सीसीच्या गाडीला कोपऱ्यात उभे राहायला जागा मिळावी. त्यावर सगळे हसले आणि विषय मंजूर झाला.

मी बी.कॉम. झालेला, बँकेतून निवृत्त झालेला कारकून. राहायला नेरुळला, सिडकोच्या जुन्या इमारतीत. १९९७ सालची जपानी घडणीची गाडी अजून चालू आहे आणि तिची बरीचशी कामे मी खाली पार्किंगमध्ये पोत्यावर बसून स्वतः करतो. यात मोठा पुरुषार्थ नाही. ऑइल बदलणे, प्लग साफ करणे, चेन ताणणे, ब्रेकचे लायनर, क्लच केबल, एवढेच. आमच्या पिढीत चेतक स्कूटर असलेला प्रत्येक माणूस डिकीत जास्तीचा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवायचा आणि रस्त्याच्या कडेला स्कूटर आडवी करून सुरू करायचा. त्याला कोणी छंद म्हणत नसे.

ज्यांनी हे काम केले आहे त्यांना माहीत असेल की पुस्तकात जे काम २० मिनिटांचे लिहिलेले असते ते २० मिनिटांत होत नाही. नवी मुंबईत तर नाहीच. एका अंगाला खाडी, हवेत कायम दमटपणा आणि जून ते सप्टेंबर गाडी सुकत म्हणून नाही. इंजिनाचे कव्हर अ‍ॅल्युमिनियमचे, बोल्ट पोलादी. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारट ओल बसली की तिथे छोटा बॅटरीचा सेलच तयार होतो. अ‍ॅल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी पूड होते, आणि ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. म्हणजे बोल्टला आतून पाचर बसते. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. पाना लावावा तर बोल्ट हलत नाही.

इथे पहिली गोष्ट होते ती म्हणजे राग येतो. आणि राग आला की माणूस लांब दांडा शोधतो. पान्याच्या टोकाला लोखंडी पाइप अडकवायचा आणि जोर लावायचा. याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ६ मिलिमीटरचा बोल्ट आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोचा जोर. पाइप लावून तीच लांबी ४० सेंटिमीटर केली की अडीच किलोतच तेवढा पीळ बसतो. अडीच किलो म्हणजे भाजीची पिशवी. रागावलेला माणूस भाजीच्या पिशवीएवढा जोर लावून थांबत नाही, आणि बोल्टचे डोके हातात येते. आता आत राहिलेला तुकडा काढायला ड्रिल, उलट्या आट्यांचे हत्यार आणि शेवटी तुर्भ्याचा लेथवाला.

तेव्हा पाइप न लावता काय करायचे, तर तेल सोडायचे, डोक्यावर हलके टोले द्यायचे, रात्रभर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. तरी नाही हलला तर पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची आणि बोल्टच्या भोवतीचे कव्हर तापवायचे, कारण तेवढ्याच उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि पकड ढिली होते. यासाठी जो निळा-पिवळा फवारा दुकानात मिळतो त्याच्या नावातले ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो इथे पाणी हटवणारे रसायन शोधताना चाळिसाव्या मिश्रणाला यश आले, आणि तोच आकडा नावात राहिला. मुळात ते अडलेल्या बोल्टसाठी बनवलेलेच नव्हते, हा भाग वेगळा.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण यावरून अनेकांची डोकी फिरलेली मी पाहिली आहेत. जपानी घडणीच्या कार्बोरेटरवरचे प्लस स्क्रू आपल्या नेहमीच्या प्लस स्क्रू-ड्रायव्हरच्या मापाचे नसतात. दिसायला सारखे, पण जपानी मानकाची खाच थोडी वेगळी असते. आपला ड्रायव्हर तळाला टेकत नाही, घसरून वर येतो आणि स्क्रूचे तोंड खाऊन टाकतो. आमच्या मिस्त्रींनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. माणूस मात्र समजतो की आपण दाबायला कमी पडतोय, आणि जोर वाढवतो.

इथपर्यंत सगळे संयमाचे झाले. संयमावर या अंकात आणि मागच्या अंकांत पुष्कळ लिहून आले आहे. मला जे सांगायचे आहे ते थोडे निराळे आहे. माझा अनुभव असा की काम अडल्यावर येणारा राग हा त्यातला लहान शत्रू. तो अर्ध्या तासात उतरतो, चहा प्यायलात तर त्याही आधी. राग उतरल्यावर दुसरा येतो, आणि तो अगदी समजूतदार आवाजात बोलतो. तो म्हणतो, "जाऊ दे, चालून जाईल."

नाथमहाराजांची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथ हिशेब पाहत. एकदा एका पैचा फरक लागेना. कोणी पै म्हणतात, कोणी दमडी. नाथ रात्रभर दिव्याशी बसले, उत्तररात्री चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामींनी हे पाहिले आणि म्हणाले, एवढे चित्त त्या परमेश्वराकडे लावलेस तर काय होईल! पुढे स्वामींच्या कृपेने नाथांना दत्तदर्शन झाले. कीर्तनकार या कथेतून एकाग्रता सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मी जन्मभर हिशेब जुळवत बसलेला माणूस. माझे लक्ष दुसरीकडे जाते. नाथांना पदरची एक पै टाकता आली असती. कुठल्या तरी खात्यात एक पै इकडची तिकडे लिहिता आली असती. रात्र वाचली असती आणि स्वामींना कळलेही नसते. फरक एका पैचा, दिव्याला जळलेले तेल त्याहून महाग!

बँकेत काम केलेल्यांना याचे उत्तर माहीत आहे. संगणक येण्यापूर्वी लेजर हातांनी जुळवायचे दिवस आठवा. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव, ६३ च्या जागी ३६. फरक सम असेल तर त्याची अर्धी रक्कम शोधा, नावेची नोंद जमेला गेली असेल. ही कारकुनांची गुरुकिल्ली. पण खरी मेख अशी की लहान फरक म्हणजे लहान चूक असे मुळीच नसते. समजा, ४,५०० च्या जागी ५,४०० लिहिले गेले, म्हणजे ९०० जास्त. आणि त्याच बाजूची ८९० ची एक नोंद राहून गेली. शेवटी दिसणारा फरक फक्त १० रुपयांचा. ज्याने खिशातून दहाची नोट टाकून विषय मिटवला त्याने दहा रुपये नाही मिटवले, दोन मोठ्या चुका झाकून ठेवल्या. म्हणून त्या एका पैसाठी जागणे हा कंजूषपणा नव्हता. त्या पैच्या मागे काय दडले आहे हे सापडेपर्यंत कोणालाच माहीत नसते.

आता ब्रेकची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मागच्या चाकाचे लायनर बदलायला घेतले. चाक काढले, ड्रम ओल्या फडक्याने पुसला (फुंकर मारू नये, ती धूळ छातीत जाण्याजोगी नसते), जुने लायनर बाहेर काढले. ते झिजून पातळ झाले होते. नवे पाकीट फोडले. पाकिटावर नंबर बरोबर, आतला माल दुसऱ्याच गाडीचा. खिळीवर बसणारी बाजू जाड, त्यामुळे ड्रम चढेना. संध्याकाळचे सात वाजलेले, दुकान बंद. आणि धाकट्याची सोमवारी सकाळी सहाची शिफ्ट, महापे एमआयडीसीत. गाडी त्यालाच हवी होती.

तो खाली आला. बघितले. म्हणाला, "बाबा, जुनेच बसवा ना. पुढचा ब्रेक आहे. हळू नेतो." शेजारचे गृहस्थ म्हणाले, कानस मारा, नवेच बसतील. दोन्ही गोष्टी करता आल्या असत्या. मी चाक तसेच भिंतीला टेकवून ठेवले, गाडी स्टँडवर, किल्ली माझ्या खिशात, आणि त्याला सांगितले की उद्या लोकलने कोपरखैरण्याला जा, पुढे रिक्षा कर. तो न जेवता झोपला. हिने मला ऐकवले, की एका दिवसाने काय आभाळ कोसळणार होते? पोराला पहाटे साडेचारला उठवायचे, ते तुमच्या लायनरसाठी.

दत्तसंप्रदायाच्या अंकात अशा वेळी पुढे चमत्कार सांगायची रीत आहे. त्या सोमवारी ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोणी आडवे आले असते आणि माझ्यामुळे मुलगा वाचला, असे काही. तसे काहीही झाले नाही. रस्ता नेहमीसारखा होता. जुने लायनर त्या दिवशी बहुधा चाललेही असते. मंगळवारी बरोबर माल आणला, बुधवारी गाडी सुरू झाली, आणि धाकटा आठवडाभर माझ्याशी कामापुरते बोलत होता.

मग मी केले ते बरोबर होते का? या प्रश्नाशी मी बराच काळ थांबलो आहे, कारण परिणामाकडे पाहिले तर माझ्या बाजूने काहीच पुरावा नाही. मुलाची झोप गेली, रिक्षाचे पैसे गेले, घरात अबोला झाला, आणि त्याच्या बदल्यात टळले काय, तर जे कदाचित घडलेच नसते ते. हीच दमडीच्या हिशेबाची अडचण आहे. नाथांची ती पैसुद्धा कदाचित खरोखरच एक पैच असेल.

मला जे उत्तर सुचते ते असे. मी घरात जेव्हा म्हणतो "ब्रेक झाला", तेव्हा धाकटा चाकाकडे न बघता गाडीवर बसतो. सकाळी सहाची शिफ्ट गाठणारा मुलगा खाली वाकून लायनर तपासत नाही. तो माझ्या शब्दावर बसतो, गाडीवर नंतर. एकदा त्या "झाला" या शब्दात "चालून जाईल" मिसळले की पुढच्या वेळी मी खरोखर नीट काम केले तरी त्या शब्दाची किंमत पूर्वीची राहत नाही, आणि गंमत म्हणजे हे त्याला कळत नाही, फक्त मला कळते. बँकेच्या पासबुकावर माणूस विश्वास ठेवतो तो प्रत्येक व्हाउचर तपासून नव्हे. कुणीतरी रात्री उशिरापर्यंत बसून फरक शोधला असेल, खिशातली नोट टाकली नसेल, हे गृहीत धरून ठेवतो.

काम अडले म्हणून कोणी खोटा ठरत नाही. पण अडलेले काम माणसाला खोटे बोलायची जितकी सोय करून देते तितकी सुरळीत चाललेले काम देत नाही. सुरळीत कामात खोटे बोलायचे कारणच नसते.

याहून अवघड प्रकार म्हणजे जो दोष हजर राहत नाही. गेल्या पावसाळ्यात गाडी उरण फाट्यापाशी जोराच्या सरीत बंद पडली. अर्धा तास पुलाखाली उभी राहिली, सर ओसरली आणि एका किकमध्ये सुरू झाली. दुसऱ्या दिवशी अगदी ठणठणीत. ओळखीच्या एका भाविक गृहस्थांनी सांगितले, महाराजांची कृपा, आता विचार करू नका. क्षमा करा, पण हे मला पटत नाही. महाराजांच्या नावावर आपली न तपासलेली कामे खपवू नयेत. तीन आठवड्यांत हाच प्रकार तीनदा झाला. शेवटी मिस्त्रींच्या सांगण्यावरून रात्री अकराला पार्किंगचे दिवे बंद करायला वॉचमनला सांगितले, इंजिन सुरू केले आणि प्लगच्या टोपणावर पाण्याचा हलका फवारा मारला. अंधारात टोपणाच्या रबरावर बारीक निळी ठिणगी नाचताना दिसली. रबराला केसाएवढी चीर, ओल आली की वीज प्लगमध्ये न जाता बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या अंगावर उतरत होती. उजेडात तो दोष शंभर वर्षे दिसला नसता.

आता एक शंका वाचक विचारतील, आणि विचारावी. धरून बसणे कुठपर्यंत? चिकाटी कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो? भागवताच्या एकादश स्कंधात, सात ते नऊ या अध्यायांत, यदुराजाला अवधूत आपले गुरू सांगतो. नाथांनी याच स्कंधावर आपली टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंत दोन असे आहेत की त्यांचा उपदेश वरवर एकमेकांविरुद्ध वाटतो. बाण घडवणारा कारागीर कामात इतका गढलेला की राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला पत्ता नाही. आणि कुरर पक्षी, ज्याच्या चोचीतल्या मांसाच्या तुकड्यासाठी बलवान पक्षी मागे लागले, त्याने तुकडा सोडून दिला आणि सुखी झाला. एक सांगतो धरून बस, दुसरा सांगतो सोड. अवधूताने दोघांनाही नमस्कार केला, आणि कोणत्या वेळी कोणाचे ऐकायचे हे मात्र आपल्यावर टाकले.

माझ्यापुरता मी असा अर्थ लावला आहे. कारागिराने धरले होते ते काम. पक्ष्याने सोडला तो "हे माझे, आत्ताच, माझ्याच चोचीत" हा आग्रह. बोल्ट निघालाच पाहिजे हे काम. तो आज रात्रीच, माझ्याच हातून निघाला पाहिजे, हे मांस. रात्रभर तेल सोडून झोपायला गेलो तर काम सुटत नाही. चौथ्या प्रयत्नानंतर गाडी ढकलत तुर्भ्याला लेथवाल्याकडे नेली तरी काम सुटत नाही, फक्त फुशारकी सुटते. त्याने दीडशे रुपये घेतले आणि दहा मिनिटांत तुकडा बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. तुकडा मी फेकलेला नाही.

बँकेत याला फार चांगली सोय होती, सस्पेन्स खाते. ज्याचा उलगडा आज होत नाही ती रक्कम तिथे उघडपणे, तारखेसह लिहून ठेवायची. लपवायची नाही, कुणाच्या तरी खात्यात ढकलायची नाही, आणि जुळले असेही म्हणायचे नाही. मॅनेजर दर महिन्याला विचारायचे, सस्पेन्समध्ये काय काय आहे? त्या विचारण्याची सगळ्यांना धास्ती असायची, आणि तीच त्याची गुणवत्ता. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन गृहस्थांचे मोटारसायकल दुरुस्तीच्या निमित्ताने लिहिलेले एक जाडजूड तात्त्विक पुस्तक १९७४ मध्ये निघाले. त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारले होते. हे गृहस्थ तरुणपणी काशीला, बनारस हिंदू विद्यापीठात, तत्त्वज्ञान शिकून गेलेले. गाडी उघडताना सुटे भाग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडावेत आणि वहीत टिपून ठेवावे, असे त्यांनीही सांगितले आहे. त्यांचे बाकीचे तत्त्वज्ञान मला पूर्ण झेपले नाही. वही मात्र माझ्याकडे आधीपासून होती, कारकून माणूस वहीशिवाय बसतो कुठे!

वही दोनशे पानी, बँकेतल्यासारखी रेघ मारलेली. डाव्या पानावर झालेली कामे, उजव्या पानावर सस्पेन्स. आठ दिवसांपूर्वी धाकटा खाली आला, किल्ली मागण्याआधी वही उघडली आणि उजवे पान वाचले. "सायलेन्सरच्या जाळीचा मागचा स्क्रू, तोंड खाल्लेले, तेल सोडले आहे, दि. ९." त्याने विचारले, "यानं जायला अडचण नाही ना?" मी म्हटले, नाही, जाळी तीन स्क्रूंवर पक्की आहे. मग त्याने खालचा ब्रेकचा रकाना पाहिला. तिथे काही नव्हते. किल्ली घेऊन तो गेला.